पसंती क्रमांक एक

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस पालक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. "पहिल्या नंबरावर कोणतं कॉलेज टाकू?" मुलाला किंवा मुलीला कोणते हवे आहे, असे आम्ही विचारले की उत्तर ठरलेले असते, "हवं ते जाऊ द्या, मिळेल ते सांगा."

अकरावीचा प्रवेश आता ऑनलाइन आहे, आणि २०२५-२६ पासून तो मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरता न राहता सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला. दहापर्यंत कॉलेजे पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. बहुतेक घरांत ही यादी सायबर कॅफेतला मुलगा भरून देतो. तो गेल्या वर्षीचा कटऑफ पाहतो, आपल्या अंदाजाने क्रम लावतो आणि वर एक सल्लाही देतो. मोठे कॉलेज पहिल्या नंबरावर टाकू नका, नंबर वाया जातो. हा सल्ला मोहल्ल्यात इतक्या वेळा फिरला आहे की लोक तो सरकारी नियमच समजतात.

नंबर खरोखर वाया जातो का, हा प्रश्न गणिताचा आहे. त्याचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच सापडले आहे. ते शोधणारे गणितज्ञ होते, वापरले डॉक्टरांनी आणि शाळांनी, आणि नोबेल मिळाले अर्थशास्त्राचे.

जानेवारी १९६२ मध्ये अमेरिकेतील एका गणित मासिकात डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोघांचा लेख आला. पाने जेमतेम सात. विषय होता कॉलेज प्रवेश आणि विवाहाची स्थिरता. गणिताचा लेख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिन्हांचे जंगल उभे राहते, पण या लेखातील सिद्धता साध्या बोलीभाषेत लिहिली आहे. चिन्हे नाहीत, भूमितीच्या आकृत्या नाहीत. नीट विचार करणे म्हणजेच गणित, असे लेखकांना सुचवायचे होते. आमच्या मते बी.एड.च्या अभ्यासात हा लेख असायला हरकत नाही.

त्यांचा प्रश्न असा. समजा एका वस्तीत काही मुले आणि तितक्याच मुली लग्नाच्या आहेत. प्रत्येकाने समोरच्या बाजूच्या सगळ्यांची आपल्या पसंतीने क्रमवार यादी केली आहे. सगळ्यांची लग्ने अशी लावता येतील का, की नंतर कोणतीही दोन माणसे एकमेकांकडे पाहून "आपल्या वाट्याला आलेल्यांपेक्षा आपण दोघेच बरे होतो" असे म्हणणार नाहीत? अशी जोडी शिल्लक राहिली नाही तर त्या जुळणीला त्यांनी स्थिर म्हटले. सगळे खूश झाले असा त्याचा अर्थ नाही. जुळणी मोडून बाहेर पडण्यात दोघांचाही फायदा आहे अशी जोडी उरली नाही, एवढाच अर्थ.

उत्तर मिळवण्याची रीत आपल्याला अगदी ओळखीची वाटेल. प्रत्येक मुलगा आपल्या यादीतील पहिल्या मुलीकडे पैगाम पाठवतो. जिच्याकडे एकाहून अधिक पैगाम येतात ती त्यातला उत्तम ठेवून बाकीच्यांना नकार कळवते, पण ठेवलेल्यालाही होकार देत नाही. "पाहू" म्हणते. नकार मिळालेले मुलगे आपल्या यादीतील पुढच्या मुलीकडे जातात. तिला नवा पैगाम जास्त पसंत पडला तर ती आधीच्याला सोडते. मग तो आपल्या यादीत पुढे सरकतो. कोणालाच नकार मिळत नाही अशी फेरी आली की थांबायचे आणि त्या क्षणी सगळे "पाहू" एकदम "कबूल" होतात. अंतिम होकार शेवटपर्यंत लांबणीवर टाकायचा, सगळी किमया यात आहे. अशाने जुळणी नेहमी पूर्ण होते आणि नेहमी स्थिरच निघते, हे त्या सात पानांत सिद्ध केले आहे.

त्याच लेखात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून आम्ही थबकलो. ज्या बाजूने पैगाम जातात त्या बाजूच्या प्रत्येकाला, स्थिर जुळण्यांमध्ये शक्य असेल त्यापैकी सर्वांत चांगला जोडीदार मिळतो. जी बाजू वाट पाहत बसते तिचे उलटे होते. शक्य त्या स्थिर जुळण्यांपैकी तिच्या वाट्याला सर्वांत कमी पसंतीचे येते. दोन्हीकडची माणसे तीच, याद्याही त्याच, फक्त सुरुवात कोणी केली यावर निकाल पालटू शकतो. आपल्या घरांत मुलीकडचे लोक पैगामाची वाट पाहतात आणि स्वतःहून विचारणे कमीपणाचे मानतात. वास्तविक हजरत खदीजा (रजि.) यांच्या बाबतीत पैगाम त्यांच्याच बाजूने गेला होता, हे सीरतमध्ये आपण सगळ्यांनी वाचलेले आहे.

असो. पैगामाच्या जागी प्रवेश अर्ज, मुलीच्या जागी कॉलेज आणि तिच्या आवडीच्या जागी गुणवत्ता यादी ठेवली की तोच हिशेब प्रवेशाला लागू होतो. तो कसा, ते तीन मुलांवर पाहू.

रेहानला ९० टक्के, सनाला ८६ आणि आयेशाला ७८. तीन कॉलेजे आहेत, शहरातले, तालुक्याचे आणि गावातले. सोयीसाठी प्रत्येकात एकच जागा धरू. रेहान आणि सना या दोघांनाही आधी शहर, मग तालुका, मग गाव हवे आहे. आयेशाला आधी तालुका, मग शहर, मग गाव.

आता वाटप दोन तऱ्हांनी करता येते. पहिल्या तऱ्हेत कॉलेज आधी ज्यांनी त्याला पहिली पसंती दिली आहे त्यांनाच पाहते आणि जागा कायमची देऊन टाकते. शहराची जागा रेहानला गेली. तालुक्याला पहिली पसंती एकट्या आयेशाने दिली होती, ती तिला मिळाली. सना दुसऱ्या पसंतीने तालुक्याकडे येते तेव्हा दार बंद झालेले असते. ८६ टक्केवाली मुलगी गावच्या कॉलेजात जाते आणि ७८ टक्केवाली तालुक्याच्या. सनाचा गुन्हा एवढाच की तिने मनातली पसंती खरी लिहिली. या तऱ्हेत नंबर खरोखर वाया जातो, सायबर कॅफेतला मुलगा इथे बरोबर ठरतो.

दुसरी तऱ्हा गेल-शॅपलीची. शहराने रेहानला ठेवले, सनाला नकार दिला. तालुक्याने आयेशाला ठेवले, पण कायमचे नाही. सना तालुक्याकडे आली, तिचे गुण जास्त म्हणून आयेशाची जागा सुटली. आयेशा शहराकडे गेली, तिथे रेहान वर आहे, मग ती गावच्या कॉलेजात गेली. सनाने शहर पहिले लिहिले आणि ते मिळाले नाही, पण त्यामुळे तिचे काहीही नुकसान झाले नाही. तालुका तिने पहिला लिहिला असता तरी तिला तालुकाच मिळाला असता. हा योगायोग नाही. अर्ज करणाऱ्या बाजूला खरी पसंती लिहिल्याने या पद्धतीत कधीच तोटा होत नाही आणि खोटा क्रम लिहून कधीच फायदा होत नाही, हे १९८०च्या सुमारास इतर संशोधकांनी सिद्ध केले. एका प्रश्नाचे उत्तर पुरे होईपर्यंत वीस वर्षे गेली. संशोधन असेच हळू चालते.

गंमत अशी की हीच युक्ती अमेरिकेतील डॉक्टरांनी, हा लेख छापून येण्याच्या दहा वर्षे आधी, ठोकर खाऊन शोधली होती. तिथे डॉक्टरकीची पदवी मिळाल्यावर रुग्णालयात उमेदवारी करावी लागते. चांगले विद्यार्थी हातचे जाऊ नयेत म्हणून रुग्णालये एकमेकांच्या आधी जागा देऊ लागली. आधी काही महिने, मग वर्ष, आणि १९४०च्या दशकात तर पदवीच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. विद्यार्थी पुढे कसा निघेल याचा पत्ता नाही आणि जागा ठरलेली. ते बंद केले तर दुसरी घाई सुरू झाली. काही तासांत उत्तर द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला. शेवटी वैतागून १९५२ मध्ये दोन्ही बाजूंच्या याद्या एकत्र करून जुळवण्याची केंद्रीय पद्धत सुरू झाली. १९८४ मध्ये आल्विन रॉथ या संशोधकाने दाखवले की त्या पद्धतीचा निकाल गेल-शॅपलीच्या रीतीशी जुळतो, फक्त तिच्यात पैगाम रुग्णालयांकडून जातो.

म्हणजे जास्त चांगले कोणाला मिळणार, ते उघड होते. विद्यार्थ्यांनी १९९०च्या दशकात हा मुद्दा लावून धरला, तेव्हा रॉथ आणि त्यांचे सहकारी इलियट पेरनसन यांना नवी पद्धत बांधायला सांगण्यात आले. १९९८ पासून तिथे उमेदवारांच्या बाजूने सुरुवात होते. प्रत्यक्षात फरक फारच थोड्या उमेदवारांना पडला, हेही त्यांनीच मोजून सांगितले. पण आपण खरी यादी लिहिली तर फसणार नाही, हा भरवसा सगळ्यांनाच मिळाला.

आमच्या मते सगळ्यांत विचार करण्यासारखी हकीकत बोस्टन शहराची आहे. तिथल्या सरकारी शाळांत मुलांचे वाटप वर सांगितलेल्या पहिल्या तऱ्हेने व्हायचे. ज्या पालकांना ही मेख ठाऊक होती ते एकत्र बसून कोणती शाळा पहिली लिहायची आणि कोणती टाळायची याची खलबते करत. ज्यांना ठाऊक नव्हती ते मनातले लिहून मोकळे होत आणि त्यांची मुले मागे राहत. २००३ मध्ये आतिला अब्दुलकादिरओग्लू आणि तायफुन सोन्मेझ या तुर्की अर्थशास्त्रज्ञांनी या पद्धतीचा दोष एका शोधनिबंधात मांडला. २००५ मध्ये बोस्टनने ती सोडून गेल-शॅपलीची रीत घेतली. चतुर पालक आणि भोळे पालक यांच्यातील अंतर मिटावे, हेही त्या निर्णयामागचे एक कारण होते. ओळखी नसलेल्या, माहिती उशिरा पोहोचणाऱ्या घरांसाठी खरे बोलणे सुरक्षित करून देणारी पद्धत म्हणजे केवढा आधार!

न्यूयॉर्कमध्ये नववीच्या वर्गासाठी तेव्हा दरवर्षी नव्वद हजारांहून अधिक मुले अर्ज करत. तिथे नवी पद्धत येण्याआधी सुमारे तीस हजार मुलांना आपल्या यादीत नसलेल्याच शाळेत पाठवले जायचे. पद्धत बदलल्यावर पहिल्याच वर्षी हा आकडा तीन हजारांच्या आसपास आला. शाळा त्याच, मुलेही तितकीच, फक्त वाटपाची रीत बदलली.

सोन्मेझ यांच्याबद्दल आणखी थोडे. तुर्कस्तानात विद्यापीठ प्रवेश केंद्रीय परीक्षेवर होतो. १९९९ मध्ये मिशेल बालिन्स्की यांच्यासोबत त्यांनी त्या पद्धतीची तपासणी केली आणि एक विचित्र दोष दाखवला. तिच्यात एखाद्या विद्यार्थ्याचे गुण वाढले तर त्याला मिळणारी जागा उलट खालची असू शकते. आपल्याच देशातली, लाखो घरांचा भरवसा असलेली व्यवस्था हिशेब मांडून तपासायची आणि दोष निघाला तर तो छापून सांगायचा, याला हिंमत लागते.

याच मंडळींनी पुढे दुसरे काम हाती घेतले. नवऱ्याला किडनी हवी, बायको द्यायला तयार, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या गावात दुसऱ्या एका घरात हीच अडचण उलट्या गटांची. पहिल्या घरातील बायकोने दुसऱ्या घरातील रुग्णाला द्यायची, त्या घरातील दात्याने हिच्या नवऱ्याला. दोन घरे असतील तर अदलाबदल सोपी. अशी शेकडो घरे असली तर कोणाची सांगड कोणाशी घालायची, की जास्तीत जास्त माणसे वाचतील? शॅपली आणि हर्बर्ट स्कार्फ यांच्या १९७४च्या शोधनिबंधात घरांच्या अदलाबदलीचे एक काल्पनिक कोडे होते. रॉथ, सोन्मेझ आणि उत्कू उनवेर यांनी २००४ मध्ये त्या कोड्याची रीत किडनीला लावली. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात अशा अदलाबदलीसाठी संस्था उभी राहिली. दोन्ही घरांच्या शस्त्रक्रिया एकाच वेळी करतात. आपल्या माणसाला किडनी मिळाल्यावर एखाद्याने माघार घेतली तर काय, ही भीती माणसाच्या स्वभावातली आहे आणि हिशेबात ती धरावीच लागते. आपल्या देशातही अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि जवळच्या नातेवाइकांमध्ये जुळत नसेल तर अशा अदलाबदलीला मान्यता मिळाली. ही गोष्ट घरोघरी ठाऊक असायला हवी.

शाळेतील जागा, किडनी आणि जोडीदार यांच्यात साम्य काय, तर यांचा भाव ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. (लग्नात आपण तो हुंड्याच्या नावाने ठरवतो, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) जिथे पैसा चालत नाही तिथे वाटप न्यायाने कसे करावे, हे या शाखेचे काम आहे. २०१२ मध्ये रॉथ आणि शॅपली यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल २००८ मध्ये वारले होते. शॅपली तेव्हा नव्वदीला टेकले होते. आपण गणितज्ञ आहोत, अर्थशास्त्राचा एकही वर्ग कधी केलेला नाही, असे त्यांनी सांगितले.

भारतात आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश आधी वेगवेगळे चालत. एकच मुलगा दोन्हीकडे जागा अडवी, मग एक सोडून देई आणि ती रिकामी राही. २०१५ पासून दोन्हींचे वाटप एकत्र होते. त्याची रीत याच सिद्धांतावर, आपल्याकडील आरक्षणाचे नियम सांभाळून बांधलेली आहे. ती बांधणाऱ्यांत आयआयटी कानपूरचे सुरेंदर बासवाना आणि आयआयटी मुंबईचे शरत चंद्रन होते. आयआयटीतील रिकाम्या जागा त्यामुळे कमी झाल्या.

आता आपल्या अकरावीकडे येऊ. इथे एका फेरीत जागा गुणवत्तेच्या क्रमाने दिल्या जातात. ज्याचे गुण जास्त त्याची यादी आधी उघडते आणि वरून खाली पाहत जिथे पहिली मोकळी जागा सापडेल ती त्याला मिळते. तुमच्या मुलीने ते कॉलेज पहिले लिहिले की सातवे, यावर तिचा हक्क कमीजास्त होत नाही. म्हणजे ही बोस्टनची जुनी तऱ्हा नव्हे. मोठे कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजातील संधी जात नाही. सायबर कॅफेतला सल्ला इथे चुकीचा आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. तेव्हा मिळाले तर नक्की जाणार, अशाच कॉलेजाचे नाव वर असावे. केवळ हौसेखातर नको. आणि यादी दहाचीच असल्यामुळे दहाही नावे आवाक्याबाहेरची भरू नयेत, खाली दोन-तीन भरवशाची ठेवावीत. अल्पसंख्याक संस्थांच्या कोट्यातील जागांची वेगळी प्रक्रिया असते, ती त्या कॉलेजात जाऊन विचारावी. बागवान, तांबोळी, मोमीन, अत्तार यांसारख्या ओबीसी यादीतील घरांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र निकालाच्या आधीच काढून ठेवावे.

पण यादी खरी कोणाची, हा प्रश्न गणित सोडवत नाही. सिद्धांतात प्रत्येकजण आपली यादी स्वतः लिहितो. आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या यादीत बहुतेक वेळा अब्बूंची भीती पहिल्या नंबरावर असते, भावाची सोय दुसऱ्या आणि गल्लीतल्या लोकांचे बोलणे तिसऱ्या. उर्दू माध्यमातून आलेली, गणितात उत्तम गुण घेतलेली मुलगी सायन्स लिहीत नाही, कारण इंग्रजी झेपणार नाही असे घरात आधीच ठरलेले असते. तिने पैगाम पाठवलाच नाही, तर नकार कोण देणार आणि होकार तरी कोण?

अम्मी-अब्बूंची काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तिला उत्तरे वेगवेगळी शोधावी लागतील. इंग्रजीसाठी पहिले सहा महिने जड जातात, नंतर सरावाने जमते, हे आम्ही अनेक मुलींच्या बाबतीत पाहिले आहे. बुरख्याची, वेळेची, येण्याजाण्याच्या सोबतीची चौकशी कॉलेजात एकदा आईने मुलीबरोबर जाऊन करावी. आणि तालुक्याचे कॉलेज केवळ भाड्यामुळे यादीतून गळत असेल, तर ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एस.टी.चा पास मोफत मिळतो. त्याची चौकशी डेपोत करता येते आणि त्यासाठी कटऑफ लागत नाही.